तिसरी सळई

फरीदाबादच्या लॅबमध्ये चेतना कारखानीस गेली सव्वीस वर्षं लोखंडी सळया ओढून तोडते आहे. या कामात तिने मशीनचं ऐकलं, साहेबांचं कधीच नाही. चांगली सळई आधी लांबते, मध्ये बारीक होते, मगच तुटते. शाळेच्या जिन्यासाठी आलेल्या तीन सळयांपैकी दोन तशाच तुटल्या. तिसरी मात्र खडूसारखी कटकन मोडली.

गुप्तेसाहेब म्हणाले, "अहो, दोन पास आहेत ना? तिन्हींची सरासरी काढा, सही करा. चलो, विषय संपला."

चेतनाने तिसरीचे दोन्ही तुकडे त्यांच्या चहाच्या कपाशेजारी आदळले.

"सही आत्ता करते, सर. फक्त असल्या सळया कुठल्या पायरीत जाणार, तेवढं सांगा. पोरांना ती पायरी चुकवून चढायला सांगते."