कमानीतले चार पाटे

आमच्या डॉक्टरांच्या मोटारीची पायरी इतकी उंच होती, की त्यांच्या पत्नीला आत चढायला लाकडी स्टूल लागायचं. ते मांडायचं काम माझं. मी त्यांचा ड्रायव्हर, आणि मोटारीचं जे बिघडेल ते सुधारणाराही. वय बाविशीचं. सिंदीच्या बाजारात बाईंनी स्टुलावर पाय ठेवला की पानठेल्यावरची माणसं बोलणं थांबवून बघत. एक दिवस बाई म्हणाल्या, "मी काय हत्तीवर बसायला निघाले का? भावोजींच्या लग्नाला हे स्टूल बरोबर येणार असेल, तर मी घरीच बरी."

लग्नाला महिना होता. गाडी आधी कापसाच्या एका जिनवाल्याकडे होती आणि ओझी वाहायला त्याने मागच्या दोन्ही कमानी, म्हणजे एकावर एक पोलादी पाटे रचलेल्या स्प्रिंगा, चांगल्या फुगवून घेतल्या होत्या. गाडी बसकी करायची ठरली. डॉक्टरांनी मला आणि लोहारबाबांना ओसरीवर बोलावलं. बाबांच्या हाताचं पाणी आसपासच्या गावांत नावाजलेलं होतं. तापलेलं लोखंड नेमक्या क्षणी पाण्यात बुडवायचं. तो क्षण त्यांना कळायचा. वखराच्या पाशी, म्हणजे लोखंडी पाती, घेऊन लोक दूरदूरून त्यांच्याकडे येत.

मी म्हणालो, "नागपूरच्या भंगारातून दुसऱ्या गाडीच्या बसक्या कमानी आणू."

बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या चपला घालून वरातीत काऊन नाचतं बाप्पा? हायेत त्याच कमानी तापवून चार बोटं खाली बसवतो. फकत एक सांगतो, एका कमानीत पाटे सात हायेत, ते सातच राहू देजो."

डॉक्टरांना ते पटलं. मला जरा लागलं. गाडीतलं मला जास्त कळतं, असं मला वाटायचं.

चार दिवसांनी कमानी आल्या. प्रत्येक पाट्याच्या टोकाला बाबांनी छिन्नीने खुणा केल्या होत्या, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा सातपर्यंत. मी त्या बसवल्या. गाडी चार बोटं उतरली, बाई स्टुलाशिवाय चढल्या आणि खूश झाल्या. मी मात्र झालो नाही. नागपूरला मी एक मोटार पाहिली होती, रस्त्याला पोट टेकवून चालल्यासारखी. आपली गाडी तशी दिसावी आणि लग्नात लोकांनी विचारावं, की ही कुणी केली? एवढ्यासाठी मी कुणालाही न सांगता प्रत्येक कमानीतून दोन-दोन पाटे काढून घेतले. गाडी वीतभर खाली आली. काय दिसत होती म्हणून सांगू.

वजन पेलते का ते पाहायला हवं होतं, आणि मी ते पाहिलं. आमच्या भागात गाडी भरली म्हणजे कापसानं भरली. घरी वेचणीचा कापूस पडलेला होता. मागची सीट गाठोड्यांनी छतापर्यंत ठासली, वर टपावर दोन बांधली आणि गावाला फेरी मारून आलो. गाडी हूं की चूं नाही. तेव्हा मला केवढं समाधान वाटलं. गाडी नजरेला भरली होती, वजनानं नाही, हे मला सुचलंच नाही. लहानपणापासून भरलेली गाडी मी अशीच पाहत आलो होतो.

लग्नाच्या दिवशी मागे नवरदेव, बाई आणि दोन जाडजूड आत्या, पुढे डॉक्टर, आणि आत्यांच्या पायाशी बुंदीच्या लाडवांचा पितळी हंडा. गावाबाहेरच्या नाल्याच्या रपट्यात, म्हणजे पात्रातून जाणाऱ्या खोलगट रस्त्यात, गाडी उतरली आणि मागून बसली ती उठेचना. चाकं मडगार्डला घासून रबराचा वास सुटला. थोरली आत्या म्हणाली, "म्या सकाळपासून काहीच खाल्लं नाई, माह्यावर नाव घेऊ नका." नवरदेवासकट सगळे हसत सुटले. मागून वऱ्हाडाची दमणी येत होती. नवरदेव बैलांच्या दमणीतून मांडवात गेला आणि लग्न झकास लागलं.

त्या रपट्यातच डॉक्टरांनी मला विचारलं, "काय झालं रे?"

मी म्हणालो, "पाणी चुकलं असंल बाबांचं."

सावध राहावं म्हणून मी "असंल" म्हणालो. वऱ्हाडातल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि पंगत उठेपर्यंत ते "असंल" गळून गेलं. पुढच्या हंगामात वखराच्या पाशी दुसऱ्या गावच्या लोहाराकडे जाऊ लागल्या. बाबांनी मला काही विचारलं नाही. डॉक्टरांनी गाडी त्यांच्याकडे पुन्हा पाठवली नाही. चाकं घासणार नाहीत इतपत एकेक पाटा मीच गुपचूप परत घातला. उरलेले दोन माझ्या घरी कडब्यामागे टाकले.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. बायकोला विळी हवी होती. तिला कडब्यामागे ते दोन पाटे सापडले आणि मला न विचारता ती ते बाबांकडे घेऊन गेली. संध्याकाळी नवी विळी समोर ठेवून म्हणाली, "लोहारबाबानं निरोप देल्ला. पोलाद चांगलं हाय, पाणीबी चांगलं हाय. डाक्टरसायबाले सांगजो."

पात्याच्या बुडाशी छिन्नीच्या पाच खुणा तशाच ठेवल्या होत्या. त्या दिवशी वांग्याची भाजी होती. जेवण झाल्यावर मी त्या खुणा बोटानं पुन्हा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी मी भात्याजवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "बाबा, पाटे म्या काढले होते."

"मले काय सांगून राह्यला? मले तर ठाऊक हाय. ज्यायले खोटं सांगतलं, त्यायले सांग ना."

मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी त्यांच्याकडे ने. सातच्या सात पाटे बसव. आणि लोकांनी विचारलं तर खरं सांग."

गाडी नेली. बाबांनी दोन नवे पाटे घडवले, त्यांवरही खुणा केल्या, आणि मला मागच्या सीटवर बसवून हसत म्हणाले, "आता आत्याबाईले बोलाव." डॉक्टरांची गाडी पुन्हा भात्यापाशी उभी दिसली तशी काही माणसं परत आली. पण सगळी नाही. कुणी विचारलं, तर मी म्हणायचो, "नेहमीचं काम आहे."

डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढं एकच काम मी केलं नव्हतं. आता बाबाही नाहीत आणि डॉक्टरही नाहीत. विळी अजून घरात आहे. धार लावावी लागत नाही. रपट्यात त्या दिवशी जे हजर होते, त्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगतो: पाणी चुकलं नव्हतं. पाटे मी काढले होते.