वडीलपणाचं पहिलं वर्ष

चौतिसाव्या वर्षी मी आमच्या चर्चचा वडील, म्हणजे एल्डर, झालो. मंडळीनं निवडलेले आम्ही सात वडील पाळकसाहेबांच्या जोडीनं कारभार पाहायचो. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाकीचे सहा जण साठीच्या आसपासचे होते. प्रत्येकाकडे काही घरं सोपवलेली असत. आजाऱ्याला भेटायचं, प्रार्थना करायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट बाकाबाकांतून फिरवायचं. माझ्याकडे लकडगंजच्या बाजूची घरं आली.

त्यातलं एक घर एका विधवा बाईचं. दवाखान्यात आयाचं काम करून ती निवृत्त झाली होती. प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर कित्येक वर्षं तीच धुऊन, इस्त्री करून आणायची. तिच्या एकुलत्या मुलीचं लग्न कामठीच्या एका बौद्ध मुलाशी, त्यांच्या पद्धतीनं व्हायचं होतं. मी भेटीला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "भाऊ, तुमी आमचे वडील. पोरीच्या लग्नाले जाऊ का नोको जाऊ? लोक नावं ठेवतीन."

"आई नाही जाणार तर कोण जाणार? खुशाल जा, मावशी. कोणी विचारलं तर मी आहे."

ती गेली. विहारात तिनं बुद्धमूर्तीला फुलं वाहिली, हात जोडले, हे कोणीतरी पाहिलं आणि वडिलांच्या सभेत विषय निघाला. सर्वांत ज्येष्ठ वडील फार चिडले होते. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "ती तुमच्या भागातली. जाण्याआधी तुमच्याशी काही बोलली होती का?"

सहाही जण माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही."

एवढंच. पुढचं सगळं दहा मिनिटांत ठरलं. तिला तीन महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून पत्र मी लिहिलं, आणि ती माझ्या भागातली म्हणून द्यायलाही मीच गेलो.

तिचा चष्मा सापडेना. "तुमीच वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. तिनं पत्र घडी करून बायबलमध्ये ठेवलं. "पाळकसाहेबांनी मले इचारलं होतं, कोणाले इचारून गेली म्हणून. मी म्हटलं, माझ्या मनानं गेली. तुमी नवे आहा, तुमचं नाव नाही घेतलं."

मी उठलो.

पहिल्या रविवारी ती नेहमीच्या बाकावर, कडेला बसली होती. ताट घेऊन मी तिथे पोचलो, तेव्हा तिच्या पलीकडच्या बाईला ताट देण्यासाठी मला तिच्यावरून हात न्यावा लागणार होता. माझी अडचण ओळखून तिनंच अंग मागे घेतलं आणि मला वाट करून दिली. मेजावरची चादर त्याही दिवशी तिनंच धुतलेली होती. ते काम तिच्याकडून काढून घ्यायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पुढचे दोन महिने मी पुरुषांच्या बाजूला वाढायचं काम मागून घेतलं.

तिची मुदत संपली. वर्षभरानं तिला नात झाली आणि ती मुलीकडे कामठीला राहायला गेली. त्यानंतर एकदा मी पाळकसाहेबांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? तिच्याकडे जा."

बसनं कामठीला गेलो. ती नातीला तेल लावत होती. मी उभ्याउभ्याच बोललो, माफी मागितली. तिचे हात थांबले नाहीत.

"पत्र देऊन गेले त्यानंतर आठ दिवस मी तुमची वाट पाहून राहिली होती, भाऊ. वाटलं, येतीन, खरं सांगतीन. मंग सोडून देल्लं." नातीला पालथी करत म्हणाली, "आले तर प्रार्थना करून जा. पोरीले खोकला आहे."

मी डोळे मिटले, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी तिनंच प्रार्थना केली, नातीसाठी आणि मंडळीच्या वडिलांसाठी.

पुढच्या सभेत मी खरं काय ते सांगितलं आणि सभेच्या नोंदवहीत दुरुस्ती करा म्हणालो. ज्येष्ठ वडील म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला उकरता?" माझ्या म्हणण्याला कोणी दुजोरा दिला नाही. मीही हट्ट धरला नाही.