धाकटीचा सैल ब्लाउज

खोटं कशाला बोलू, धाकट्या जावेवर मी जळत होते. आमची दोघींची बिऱ्हाडं कोथरूडला एकाच सोसायटीत, जिने तेवढे वेगळे. मला कित्येक वर्षांची ॲसिडिटी. घशात फवारा मारून, नळी घालून एंडोस्कोपी झाली, जठराला सूज निघाली. तेव्हापासून उठल्याबरोबर गोळी आणि ताटात मऊ भात. तरी वजन तसूभर हलत नाही. आणि ही? मिसळीवर तर्री मागून घ्यायची आणि दिवसेंदिवस बारीक होत चालली होती!

गौरी जेवणाच्या दिवशी तर कहर झाला. बाईसाहेब लग्नातला ब्लाउज घालून आल्या, आणि तोही दंडाला सैल! माझ्या ब्लाउजची शिलाई मी त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा उसवली होती. सगळ्या बायका तिच्याभोवती. "काय करतेस गं? डाएट का?" ती नुसती हसली.

मी पुरणपोळी वाढता वाढता म्हटलं, "आम्हाला वासानं वजन वाढतं. काही जणींना देवानं दोन पोटं दिलीत." सगळ्या हसल्या. धाकटी अर्धी पोळी टाकून उठली आणि बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं, नखरे.

चार दिवसांनी दुपारी ती माझ्याकडे आली. दार लावून घेतलं आणि पर्समधून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. कोलोनोस्कोपी. मोठं आतडं दुर्बिणीनं आतून बघायचं होतं.

"ताई, चार महिने शौचातून रक्त पडतंय. मूळव्याध असेल म्हणून इसबगोल घेत बसले. डॉक्टर म्हणतात, वजन उतरतंय म्हणजे आत बघायलाच हवं. माझी आई आतड्याच्या कॅन्सरनंच गेली, तुम्हाला माहितीये. तुम्ही चला ना माझ्याबरोबर. ह्यांना हॉस्पिटलच्या वासानंच घेरी येते."

चार महिने मी हिच्या आजारावर जळत होते!

आदल्या दिवशी तिला मी माझ्याकडेच ठेवून घेतलं. औषधाची पावडर पाण्यात कालवून ग्लासामागून ग्लास पाजले. खारट, बुळबुळीत. पोट अगदी पाण्यासारखं साफ झालं. सकाळी बिचारी थरथरत होती, म्हणून मी आलं घालून अर्धा कप चहा दिला. चहा म्हणजे काय खाणं आहे का? आमच्या घरात उपास असो की रक्ततपासणी, चहा कधी कुणी खाण्यात धरलाच नाही.

"काही खाल्लंय?" हॉस्पिटलातल्या नर्सनं विचारलं.

"छे छे, काही नाही. फक्त चहा," मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

तिनं पेन खाली ठेवलं. "दुधाचा? मग गुंगीचं इंजेक्शन नाही देता येणार. उलटी होऊन श्वासनळीत गेली तर कोण बघणार? कागदावर लिहिलेलं वाचायची पद्धत नाही का आपल्याकडे? उद्या या."

म्हणजे पुन्हा तेच खारट पाणी, पुन्हा तीच धाकधूक. रिक्षात मलाच रडू फुटलं.

"मी मुद्दाम नाही गं दिला चहा."

"अहो, मुद्दाम कशाला द्याल?" ती म्हणाली. माझ्या मनात काय होतं, याचा तिला पत्ताच नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. आतड्याला सूज होती, व्रण होते. तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस मी देवापुढून हलले नाही. रिपोर्ट घ्यायला दोघी गेलो. कॅन्सर नव्हता. दुखणं जुनाट आहे, मुळासकट जाणार नाही, पण औषधांनी आटोक्यात राहील, डॉक्टर म्हणाले. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. धाकटीनं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी ती तोच ब्लाउज घेऊन आली. "ताई, होतच नाही हो. द्या ना शिलाई उसवून."

मी खिडकीशी बसून दोन्ही बाजू उसवल्या. तिनं घातला. चांगली भरली होती, गालांवर तुकतुकी आली होती. आरशात बघून हसली. मेली जाड होऊनसुद्धा माझ्यापेक्षा छानच दिसत होती! माझा नुसता जळफळाट झाला. आणि तो झाला म्हणून किती बरं वाटलं, काय सांगू!