दिवसभर बसून

आमच्या मामांनी उभं आयुष्य बसून काढलं. शिंपीकाम. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि दोन्हीकडे दिवसभर मशीनची खटखट.

अशा माणसाने साठीच्या उंबरठ्यावर पळायचं डोक्यात घेतलं. शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या गटात नाव घातलं. महिनाभर रोज पहाटे पळायचं, मधे विसाव्याचा एकच दिवस. दुसरा खाडा झाला की नाव कटाप.

"या वयात कुणाच्या मागे लागणार आहात?" मामी म्हणाली.

"अगं, जन्मभर दुसऱ्यांच्या मापाचं शिवलं. हे एक माझ्या मापाचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मामीने त्यांचे बूट दाराशी आणून ठेवले होते.

शेवटच्या आठवड्यात मामांचा उजवा गुडघा टम्म फुगला. डॉक्टरीणबाईंनी तो दाबला, तेव्हा मामा ओरडले नाहीत, नुसते गोड हसले. त्यावरूनच बाईंनी ओळखलं, चांगलंच दुखतंय.

"मामा, उद्या विसावा. दिवसभर नुसतं बसून राहायचं. परवा पहाटे सूज उतरली तर पळायचं, नाहीतर मी स्वतः नाव काढणार."

"एवढंच ना? बसण्यात माझा हात कोण धरणार!"

मामांनी विसावा फार मनावर घेतला. आंघोळ उरकली, पाठीला उशी लावली आणि बसले ते बसलेच. मामीच्या मात्र पायाला भिंगरी लागली.

"पाणी दे गं, मला उठायची मनाई आहे."

"अगं, कात्री! समोरच आहे, पण उठावं लागेल."

किराणावाले शेठ विजारीचं माप द्यायला आले.

"शेठ, मी काही उठायचा नाही. तुम्हीच खाली बसा."

"अहो मामा, बसून कमरेचं माप घेतलंत तर उभं राहिल्यावर विजार खाली येईल!"

"आली तर या, घट्ट करून देतो."

दुपारी डॉक्टरीणबाई डोकावल्या. गुडघा कालपेक्षा मोठा.

"मामा! बसून राहा म्हटलं होतं ना?"

"बसलोच आहे! सकाळपासून उठलो असेन तर शपथ. विचारा हिला."

"नाही हो उठले," मामी कपाळ पुसत म्हणाली. "मीच उठतेय."

डॉक्टरीणबाईंनी खाली वाकून पाहिलं. मशीनच्या पायट्यावर मामांचे दोन्ही पाय, खटखट, खटखट, खटखट. बोलतानासुद्धा थांबले नव्हते.

"हे काय चाललंय?"

"कुठे काय?" मामांनीही वाकून पाहिलं. स्वतःचे पाय बघून ते चपापले. "अरेच्चा! बसलो की हे आपोआप..."

"आणि तुम्हाला ऐकू नाही आलं, मामी?"

"ती खटखट थांबली असती तर धावत आले असते हो! चालू आहे म्हणजे सगळं ठीक, असंच वाटतं."

"उद्या मी गय करणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मामांचा चेहरा पार उतरला. मामीने मशीनचा पट्टा काढला आणि कमरेला खोचला. मामांना आत पलंगावर आडवं केलं, पायाखाली कापडाचा तागा दिला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. जरा वेळाने पाहते तर पाय हवेत चालूच!

"अहो!"

"मी नाही गं, तेच करतायत."

मग मामी सरळ त्यांच्या पावलांवर बसली. तिथेच भाजी निवडली, तिथेच बहिणीशी फोनवर बोलली. तिच्या वजनाबद्दल बोलायची मामांची त्या दिवशी हिंमत झाली नाही.

पहाटे डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबला. पुन्हा दाबला. मामा हसले नाहीत.

"उतरलीय. पळा, पण हळू. आणि आठवडाभर शिवणकाम बंद."

"म्हणजे पळू शकतो, पण बसू शकत नाही?"

"हो."

"अहो, पण गिऱ्हाइकांना काय सांगायचं?"

मामी त्यांच्या बुटाची नाडी घट्ट ओढत म्हणाली, "ते माझ्यावर सोडा. सांगते, पळून गेले."