किड्यांचं मटण आणि आईचा नवस

माझ्या पीएच.डी.चा विषय कोणी विचारला की समोरच्याचं जेवण झालंय का, हे मी आधी बघून घेते. किड्यांच्या अंगातल्या पेशी काढायच्या, काचेच्या भांड्यात खाऊपिऊ घालून वाढवायच्या आणि त्यांच्यापासून माणसाला खाता येईल असं मांस तयार करायचं, असा तो विषय. कोंबडीच्या किंवा बोकडाच्या पेशींचे फार लाड करावे लागतात. किड्यांच्या पेशी खोलीतल्या साध्या उबेतही दाटीवाटीने खुशाल राहतात. पुण्याच्या प्रयोगशाळेत हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. मालवणजवळच्या आमच्या घरी, विळीवर बांगडे कापत बसलेल्या आईला सांगताना मात्र वाटला.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आमची सुंगटं म्हणजे कोळंबी आणि कुर्ल्या म्हणजे खेकडे, ही किड्यांची चुलत भावंडंच, असंही मी तिला पटवून दिलं. त्यावर तिने एवढंच विचारलं, की मग चांगली सुंगटं सोडून तू किड्यांच्या मागे कशाला लागलीस? याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सगळं इंग्रजीत होतं.

पहिल्याच वर्षी माझ्या पेशींना बुरशी लागली. एकूण एक भांडं ओतून टाकावं लागलं आणि मी घरी फोन करून रडले. ते ऐकून आई आंगणेवाडीच्या जत्रेला गेली, भराडीदेवीची ओटी भरली आणि माझ्यासाठी नवस बोलून आली. नवस बोलताना जीव की प्राण असलेली वस्तू तो फिटेपर्यंत सोडायची, ही आमच्याकडची रीत. कोणी चहा सोडतं, कोणी भात सोडतं. आईने वशाट सोडलं, म्हणजे मासळी-मटण सगळंच. किनाऱ्यावर रापण ओढली की जाळ्यात काय आलंय ते बघायला सगळ्यांच्या पुढे उभी राहणारी ही बाई. सोमवार आणि श्रावणसुद्धा ती नाक मुरडूनच पाळायची. तिने मासळी सोडल्याचं कळल्यावर शेजारणींनी वडिलांना हळूच विचारलं, घरात सगळं बरं आहे ना?

मला तिचा राग आला आणि भीतीही वाटली. त्या दिवसापासून माझा प्रत्येक फसलेला प्रयोग तिच्या ताटात दिसायला लागला. मी सुट्टीवर गेले की ती मला हौसेने माशांचं तिखलं करून घालायची आणि स्वतः काळ्या वाटाण्याचं सांबार घेऊन बसायची. वडील मागीलदारी जाऊन मासे तळून खायचे. एकट्याने खाताना चव लागत नाही अशी त्यांची तक्रार असायची, पण ताटात काट्यांखेरीज काही उरत नसे. पुढे आईला अशक्तपणा आला. डॉक्टरांनी मासे खायला सांगितलं, तिने फक्त गोळ्या घेतल्या. फोनवर मात्र तिने मला कधी डिवचलं नाही. पेशी बऱ्या आहेत ना, एवढंच विचारायची.

पेशी बऱ्या होत्याच, भराभर वाढतही होत्या. पण त्यांनी एकमेकींना धरून राहावं, त्यांचा घट्ट तुकडा व्हावा, ते काही होईना. मी त्यांना बसायला जी बारीक जाळी दिली होती, तिच्यावरून त्या सुटून यायच्या. शेवटी हे का जमत नाही, तेच मी प्रबंधात नीट मांडलं. विज्ञानात तेवढ्यावरही पदवी मिळते. मला मिळाली.

पदवी घेऊन घरी निघाले तेव्हा वाटेत बाजारात थांबून चांगली ताजी सुरमई घेतली. वडिलांनी ती हसत हसत साफ केली. तळल्याचा वास घरभर सुटला आणि आईने स्वतःचं ताट आमटी-भाताचं वाढून घेतलं. मी म्हटलं, अगं, नवस फिटला, आता खा. तिने विचारलं, "मटान झालां?"

मी म्हटलं, मटण नाही झालं, पण पदवी मिळाली.

"देवीक मी पदवी खंय मागलेली? चेडवाचा मटान होऊ दी, असां म्हटललंय."

लेकीचं मटण होऊ दे, असा तिचा नवस होता, हे ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मांस तयार झाल्याशिवाय पदवी कोण देणार, असं ती धरून चालली होती. आमच्या गावात कोणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. वडिलांनी सुचवलं की गुरवाला सांगून देवाला कौल लावू, देव नवसातून मोकळं करेल. आईने साफ नकार दिला. दिलेल्या शब्दासाठी देवाला भीड घालायची नाही, म्हणाली.

मग माझा तोल गेला. मी सांगून टाकलं, की हे काम मी सोडतेय. पुण्यात पनीरच्या कारखान्यात मला नोकरी मिळते आहे, ती मी धरणार. ते मांस माझ्या हातून कधीच होणार नाही, आणि तुला जन्मभर वाटाणेच खायचे असतील तर खुशाल खा.

वडील तुकडी हातात धरून तसेच बसले. आई रागावलेली दिसत नव्हती.

"दमलंस तर सोड गो," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी सोडू नुको. माका घाई नाय."

मार्गदर्शक कधी होणार विचारायचे, शिष्यवृत्तीवाले कधी होणार विचारायचे, नातेवाईक तर लग्नासकट सगळंच कधी होणार ते विचारायचे. घाई नाही, असं मला इतक्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. म्हणाली ती, जिची जीभ समोरच्या सुरमईसाठी तळमळत होती. मला ताटावरच रडू फुटलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि दुसऱ्या हाताने आपला आमटी-भात जेवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पनीरवाल्यांना नकार कळवला.