रोडका शेंडा

सीतारामराव फणस फोडायला बसले की राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरांत वास आधी पोचायचा आणि माणसं मागाहून यायची. परसातल्या त्या झाडाचे गरे मधासारखे गोड, तरी कुरकुरीत. वीज ऑफिसातल्या या कारकुनाला दुसरा गर्व नव्हता, पण हा एक दोघांना पुरेल एवढा होता.

ब्याण्णव साली गल्लीत टेलिफोन बूथ आले, भाडेकरू आले, तसं त्यांनीही परसात दोन खोल्या बांधायचं काढलं. झाड आड येत होतं. आठळी रुजवली तर फळ आईवर जाईलच असं नाही, म्हणून तोडण्याआधी त्यांनी भेटकलम केलं. कुठल्याशा आठळीच्या रोपाची कुंडी फांदीशी टेकवली, दोघांच्या साली तासून एकत्र बांधल्या. सांधा जुळल्यावर फांदी झाडापासून कापून सोडवली आणि झाड पाडलं. खोडाची वीणा झाली. मुलगी नंदिता ती वाजवू लागली.

सांधा जुळला की खालच्या रोपाचा शेंडा छाटायचा असतो. सीतारामरावांचा हात होईना. दोन्ही शेंडे एकमेकांना पिळा घालून वाढले, घरच्या फांदीला बांधलेली खुणेची चिंधी कुजून गेली. तिरुवैयारूच्या आपल्या मळ्यात लावायची वेळ आली तेव्हा एक शेंडा तरारलेला होता, एक रोडका.

"कोणाला तरी विचारा हो," पत्नी राजलक्ष्मी म्हणाली.

"आमच्या घरचं झाड रोडकं असेल?" ते हसले आणि रोडका शेंडा उडवला.

कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरतं, याला आठ लागली. "घरंदाज झाड आहे, घाई करत नाही," असं ते सांगत सुटले.

पहिला फणस त्यांनी बसमधून मांडीवर आणला. शेजार जमला. सुरी चिखलात शिरावी तशी आत गेली. गरे फिकट, लिबलिबीत, नुसते दोरे. राजलक्ष्मीनं एक तोंडात घातला आणि हळूच बाहेर काढून पानावर ठेवला.

"हे आमचं झाड नव्हे," ती म्हणाली.

सीतारामरावांनी सुरी खाली ठेवली.

नंदितानं खोबरेलाची वाटी पुढे केली. "अप्पा, हाताचा चीक काढून घ्या."

चीक! तो रोडका शेंडा कापला तेव्हा केवढा चीक आला होता, पांढराशुभ्र, मनगटापर्यंत. जिवंत होता तो. आणि असंच तेल लावून त्यांनी हात स्वच्छ पुसले होते.

वाटीला हात लावायचं त्यांना धैर्य होईना.