अठरा नंबरच्या पिंजऱ्यातली मादी

अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत मालन परब एकवीस वर्षं पांढरे उंदीर सांभाळते आहे. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, वजनं टिपायची. शिक्षण नववी, पण कुठली मादी माजावर आली आहे, हे ती नुसतं बघून सांगते. म्हणूनच अठरा नंबरचा पिंजरा तिला खटकला. त्यातली मादी नराला जवळ येऊ देईना. उलट दुसऱ्या माद्यांवरच चढायची.

तिनं प्रयोग करणाऱ्या संशोधक बाईंना विचारलं, "सईमॅडम, हिला काय झालंय?"

"जन्मली त्याच दिवशी हिला नराचं हार्मोन टोचलं होतं, मालनताई. तेव्हा मेंदू घडत असतो. तो त्या वळणानं घडला."

"आता उलटं औषध दिलं तर?"

"नाही बदलणार. ते दिवस गेले."

मालन तिथंच रेंगाळली. तिला थोरला भाऊ आठवला, धोंडिराम. बायकांची ओढ त्याला कधी नव्हतीच. वडिलांनी पट्ट्यानं मारून पाहिलं, गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. आणि तीन वर्षांपूर्वी लेकीच्या, मानसीच्या लग्नात, सासरचे काय म्हणतील म्हणून मालननंच त्याला 'येऊ नको' सांगितलं होतं.

"माणसाचंही असंच असतं?"

"थोडंफार असेल. नक्की कुणालाच ठाऊक नाही. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावू नका."

रविवारी ती दिंडोशीला धोंडिरामच्या खोलीवर गेली. चहा उकळेपर्यंत तिनं सगळं सांगून टाकलं. तो हसला.

"म्हणजे मी उंदीर?"

"तसं नाय रे दादा. तुझा दोष नव्हता, एवढंच."

"दोष?" त्यानं गॅस बंद केला. "माका कारण नको होता गो. भाचीच्या लग्नात एक खुर्ची होयी होती."

कारण सापडलं म्हणून ती आली होती. नसतं सापडलं, तर आली असती का?

निघताना तिनं त्याला मानसीच्या मुलाच्या बारशाला बोलावलं.

"जावई काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी बघीन."

धोंडिराम आला, पण उशिरा. बाळाच्या हातात नोट ठेवली, कोपऱ्यात बसून जेवला. नितेश, जावई, त्याच्याशी दोन शब्द बोलला, बाकीचे नाहीत. धोंडिराम लवकरच उठला. मालन पाहुण्यांना तसंच सोडून रिक्षापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली.